राखेची काच होते, पण आधी राख कुठली ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीतल्या खेडजवळ पेव्हर ब्लॉकचा छोटा कारखाना आहे. औद्योगिक वसाहतीतल्या एका इन्सिनरेटरची राख एक ठेकेदार फुकट आणून टाकतो, वर टेम्पोचं भाडंही तोच भरतो. चाळीस पोती शेडमध्ये येऊन पडली आहेत. राख वितळवली की काच होते आणि परदेशात तिच्या फरशा करतात, असं वाचनात आलं. तेव्हा ब्लॉकवर काळ्या काचेचा थर देता येईल का, मोझेकचे तुकडे पाडता येतील का, भट्टी कुठली घ्यावी आणि त्यासाठी कर्ज काढावं का?

काच होते. मी स्वतः केली आहे, एकदा नव्हे, पुष्कळदा. तीस-बत्तीस वर्षं फ्रिट (लेपासाठी दळलेली काच), ग्लेझ (भांड्या-फरश्यांवरचा काचेचा लेप) आणि भट्टीच्या विटा यांतच गेली, त्यातली सात-आठ राखेच्या मागे. पण तुमच्या शेडमध्ये, त्या चाळीस पोत्यांची, कर्ज काढून? नको. कारण काच करणं हा या कामातला सोपा भाग आहे. अवघड आहे ते धुराचं, धुवणाचं आणि कागदांचं. आणि ठेकेदार भाडं स्वतः भरतोय, यातच निम्मं उत्तर आहे. कोकणात फुकट कोण काय देतं हो? आंबासुद्धा पेटीवर नाव घालून येतो.

आधी राखेचं बघू, कारण सगळा गोंधळ ‘राख’ या एकाच शब्दाने होतो.

जयगडच्या औष्णिक प्रकल्पात निघते ती दगडी कोळशाची राख. तिच्यात मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना, क्लोराइड जवळजवळ नाही. ती सिमेंटमध्ये, विटांत, ब्लॉकमध्ये सर्रास जाते आणि जायलाच हवी. तुमच्या ओळखीतले लोक ‘राखेचे ब्लॉक’ करतात ते हिचे. भात गिरणीच्या बॉयलरमध्ये तूस जाळून उरते ती आणखी वेगळी, तिच्याकडे पुढे येतो. इन्सिनरेटरची राख या दोघींची बहीण नाही. तिच्यातही परत दोन जाती. भट्टीच्या तळाशी पडते ती बॉटम ॲश: खडबडीत, करडी, तिच्यात काचेचे तुकडे, खिळे, तारा, वितळून थिजलेलं ॲल्युमिनियम. आणि धूर गाळताना स्क्रबरमध्ये आणि कापडी पिशव्यांच्या गाळणीत, म्हणजे बॅग फिल्टरमध्ये, सापडते ती बारीक राख. शहरी कचरा जाळला तर वजनाने साधारण पाव भाग बॉटम ॲश उरते आणि दोन ते पाच टक्के ही बारीक. घातक माल बहुतेक सगळा या दोन-पाच टक्क्यांत: शिसं, जस्त, कॅडमियम, डायॉक्सिन (क्लोरीनवाला कचरा जळताना होणारं जहाल विष), आणि धुरातलं आम्ल मारायला फवारलेला चुना.

आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात शहरी कचरा जाळून वीज करणारं मोठं केंद्र नाही. वेंगुर्ल्याने तर कचरा वेचून, वेगळा करून, जाळण्याजोगं फारसं काही उरूच देऊ नये हे करून दाखवलं. म्हणजे इथे तुमच्या दारात इन्सिनरेटरची राख येते तेव्हा ती एक तर दवाखान्यांच्या कचऱ्याची असते, नाही तर रासायनिक कारखान्यांच्या गाळाची. पहिलीत पीव्हीसीमुळे क्लोरीन भरपूर. दुसरीत काय असेल ते त्या आठवड्यात कोणाचा गाळ जळला यावर. सोमवारची राख आणि शुक्रवारची राख यांची जातकुळीसुद्धा जुळत नाही. परदेशातल्या ज्या फरशा तुम्ही वाचल्या, त्या बहुतेक शहरी कचऱ्याच्या राखेच्या, जिचा घटक-तक्ता वर्षभर साधारण तोच राहतो.

तुमची कुठली, ते प्रयोगशाळेआधी डोळ्यांनी बरंचसं कळतं. एक पोतं उघडा (मास्क लावून, वारा पाठीवर घेऊन). राख मैद्यासारखी मऊ, फिकट करडी, बोटांत धरली तर ओलसर चिकटते आणि जुलैत पोत्याच्या कोपऱ्यांतून पाणी सुटलेलं दिसतं? मग ती बॅग फिल्टरचीच. चुना आणि धुरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल मिळून कॅल्शियम क्लोराइड होतं आणि ते हवेतला ओलावा ओढून स्वतःच त्यात विरघळतं. लातुरात हे पोतं जास्त दिवस कोरडं राहील. आपल्याकडे मृग लागला की आठ दिवसांत त्याचा लगदा होतो. मी एकदा अशी दोन किलो राख कागदी पिशवीत बांधून टेबलाच्या खणात ठेवली होती. गणपतीनंतर खण उघडला तर पिशवीचा तळ गळालेला, खणाचे लोखंडी खिळे पिवळट गंजाने फुगलेले, आणि खाली ठेवलेली वही वाचण्यापलीकडे गेलेली.

आता काच का करायची? राख नुसती पुरली किंवा सिमेंटमध्ये घातली तर त्यातले धातू क्षारांच्या रूपात मोकळे असतात, पाणी लागलं की सुटतात. वितळवून काच केली की सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं जाळं तयार होतं. ॲल्युमिनियम आणि लोखंडाचा काही भागही त्या जाळ्यात बसतो. कॅल्शियम, सोडियम, शिसं, जस्त हे जाळ्याच्या पोकळ्यांत अडकतात. मग त्यांना बाहेर यायचं तर आधी जाळं विरघळायला हवं, आणि सिलिकेटचं जाळं पावसाच्या पाण्यात सहजासहजी विरघळत नाही. डायॉक्सिनचा प्रश्नही इथेच मिटतो, कारण १३००-१४०० अंशांच्या रसात ते टिकतच नाही. आणि आकारमान घटतं: हलकी, फुगीर राख जाऊन पाण्याच्या पावणेतीनपट जड, भरीव काळा दगड हातात येतो.

हा दगड तुमच्या ओळखीचाच आहे. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट. त्यातही सिलिका पन्नास टक्क्यांच्या आसपास, आणि बाकी ॲल्युमिना, लोह, चुना, मॅग्नेशिया. बॉटम ॲशच्या काचेचा तक्ता याच्या बराच जवळ जातो.

पहिली चाचणी-ओतणी कशी असते ते सांगतो, म्हणजे तुम्ही व्हिडिओत पाहिलेल्या चकचकीत फरशीमागे काय असतं ते कळेल. ॲल्युमिनाची अर्ध्या लिटरची मूस (रस करायचं भांडं), तिच्यात बॅग फिल्टरची राख आणि फुटक्या बाटल्यांचा चुरा, निम्मे निम्मे. विजेची भट्टी. सातशे-आठशेपर्यंत काही घडत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. मग झाकणाच्या फटीतून पांढरा धूर सुरू होतो, अगरबत्तीसारखा बारीक आणि मग दाट. शिशाची, जस्ताची क्लोराइडं हजार अंशांच्या आतच वाफ होऊन निघतात. म्हणजे ज्यांना काचेत कोंडायचं, तेच काच व्हायच्या आधी पळतात. बाराशेला डोकावलं तर रसावर पाण्यासारखा पातळ, पिवळसर थर तरंगताना दिसतो. ते वितळलेलं मीठ. सिलिकेटच्या काचेत क्लोराइड फार तर टक्का-दोन टक्के मुरतं, उरलेलं तेलासारखं वेगळं होऊन वर येतं. त्या थराच्या रेषेवरच मूस कुरतडली जाते. माझी तिसरी मूस चौदाव्या मिनिटाला बरोबर त्या रेषेवर फुटली आणि रस भट्टीच्या तळावर सांडला. हीटिंग एलिमेंट गेलं, विटांचे दोन थर गेले, मालकाने आठवडाभर माझ्याशी बोलणं सोडलं. चूक माझीच. राख धुऊन घ्यायची हे पुस्तकात होतं, मला घाई होती.

चौथ्या वेळी धुतलेली राख घेतली. रस मधासारखा संथ आला, तापवलेल्या लोखंडी पाटावर ओतला तेव्हा नारिंगीचा लाल, लालाचा काळा झाला. मी कौतुकाने बघत असतानाच तड् तड् करत त्याचे नखाएवढे तुकडे उडाले. काचेला सहाशे-साडेसहाशे अंशांवर थोपवून सावकाश निववावी लागते, ते भट्टीवाल्या पोराला सांगायचं राहिलं होतं. तुकडे मात्र सुरेख होते. जाड ठिकाणी शाईसारखे काळे, आणि पातळ कडा उजेडात धरली तर बिअरच्या बाटलीचा हिरवा. लोखंडाचा रंग तो.

तेव्हा धुणं. इथे कोकणातला प्रत्येक जण मला एकच गोष्ट ऐकवतो: धुवण खाडीत सोडा की, खाडी खारटच आहे, मिठात मीठ! ऐकायला बिनतोड वाटतं. पण ही राख चुन्यामुळे बाराच्या आसपास पीएच असलेलं पाणी देते, आणि शिशाचा स्वभाव असा की ते आम्लात विरघळतं तसं तीव्र अल्कलीतही विरघळतं. म्हणजे धुवणात मीठ उतरतं आणि त्याच्या जोडीने शिसंही. बारीक राखेचा पाचवा ते तिसरा हिस्सा पाण्यात जातो. एक टन राखेला निदान तीन टन पाणी धरा, काटकसर केली तर. ते पीएच नऊ-दहावर आणून (भट्टीच्या धुरातला कार्बन डायॉक्साइड सोडूनही जमतं) शिसं-जस्त गाळात बसवावं लागतं, गाळ परत भट्टीत, आणि उरलेलं मिठाचं पाणी आटवावं लागतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे पाणी उन्हात आटत नाही हे तुम्हाला सांगायला नको.

आणि खाडीत काय आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. ओहोटीला कोयत्या-टोपल्या घेऊन बाया कालवं फोडायला आणि तिसऱ्या शिंपल्या वेचायला उतरतात. कालव दिवसभर पाणी गाळून खातं, आणि जस्त, तांबं, कॅडमियम अंगात साठवून ठेवण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. पाण्यात मोजायला अवघड इतकं कॅडमियम कालवाच्या मांसात मोजता येतं. जगबुडी वाशिष्ठीला मिळते आणि वाशिष्ठी दाभोळच्या खाडीला. तुमच्या शेडचं गटार त्याच वाटेवर आहे.

मिश्रणाचं सांगतो, कारण यात आपल्याकडे खरंच सोय आहे. धुतलेल्या बारीक राखेत चुना फार आणि सिलिका फार थोडी. नुसती वितळवली तर काच न होता निवताना दाणे धरते, ठिसूळ ढेकूळ होतं. सिलिका बाहेरून घालावीच लागते. लोक लगेच कासार्डे-फोंड्याच्या सिलिका वाळूचं नाव घेतात. कणकवली तालुक्यातली ती वाळू काचेला उत्तम आहे, पण राखेसाठी मी ती शेवटी घेईन. क्वार्ट्झचा दाणा रसात विरघळायला वेळ लावतो, तेवढा वेळ भट्टी पेटती ठेवणं म्हणजे पैसे जाळणं. फुटकी काच त्यापेक्षा कितीतरी बरी, तिच्यात सत्तर-बाहत्तर टक्के सिलिका आधीच वितळून बसलेली असते आणि तेरा-चौदा टक्के सोडा रस पातळ करतो. गणपतीपुळे ते तारकर्ली पट्ट्यात पर्यटक बाटल्यांची कमतरता पडू देत नाहीत. आणि तिसरं, भाताच्या तुसाची राख. तिच्यात पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांहून जास्त सिलिका, तीही बेसुमार बारीक, झटकन विरघळणारी. धुतलेली राख चाळीस, बाटल्यांचा चुरा चाळीस, तुसाची राख वीस असं वजनाने घेतलं तर मिश्रणात सिलिका पन्नासच्या वर जाते, चुना वीस-बावीसवर येतो आणि साडेतेराशेच्या आसपास ओतण्याजोगा रस मिळतो. ही सुरुवात. तुमच्या राखेचा तक्ता हातात आला की आकडे हलतील. बॉटम ॲश असेल तर धुण्याची कटकट पुष्कळ कमी, लोखंड चुंबकाने आणि ॲल्युमिनियम चाळून काढायचं, आणि सत्तरला तीस बाटल्यांचा चुरा पुरतो.

चिरेखाणीतला जांभ्याचा चुरा घालावा का, असंही तुम्ही विचारलंय. कल्पना वाईट नाही. त्यातलं लोह काचेत स्फटिकांची बीजं धरायला मदत करतं. पण जांभ्यात ॲल्युमिनाही भरपूर आणि ॲल्युमिना रसाचं तापमान चढवतं. पाच टक्क्यांपुढे जाऊ नका.

बीजं कशाला, तर नुसती काच ही फरशी म्हणून कामाची नाही. घसरते, ओरखडते, एक टोक आपटलं की तडा आरपार. तीच काच निववताना सातशे अंशांच्या आसपास तासभर थांबवली आणि मग नऊशे-साडेनऊशेवर नेली, तर आत डायॉप्साइड, वोलॅस्टोनाइट, ॲनॉर्थाइट असे बारीक स्फटिक उगवतात, आणि काचेचं ग्लास-सिरॅमिक होतं. तडा स्फटिकापाशी अडतो. वाकवण्याची ताकद ग्रॅनाइटच्या कित्येक पट भरते. सोव्हिएत संघात १९६०च्या दशकात लोखंडाच्या झोतभट्टीच्या मळीपासून याच तत्त्वावर ‘स्लॅगसिटाल’ नावाच्या लाद्या काढल्या. त्याचंच जुनं भावंड म्हणजे ओतीव बेसाल्ट: बेसाल्ट वितळवून, साच्यात ओतून, स्फटिक धरवून केलेल्या लाद्या. औष्णिक केंद्रांत राखेचं पाणी वाहून नेणाऱ्या नळांना आतून हेच अस्तर लावतात, कारण पोलाद त्या घासणीला टिकत नाही. मला विचाराल तर राखेच्या ग्लास-सिरॅमिकला खरी बाजारपेठ तिथे आहे. नळ, हॉपर, माल उतरवायच्या घसरगुंड्या यांच्या आतलं अस्तर. लोकांच्या पायाखाली नाही, मुलांच्या हाताखाली नाही, आणि गिऱ्हाईक एक, मोठं, चाचणीचे कागद वाचणारं.

फोम ग्लासचा मोह मात्र मलाही होतो. काचेचं पीठ आणि जरासा सिलिकॉन कार्बाइड किंवा चुनखडी, आठशे-नऊशे अंश, आणि पाव फुगावा तसा फुगलेला, पाण्यावर तरंगणारा, न जळणारा ठोकळा. पत्र्याच्या छपराखाली उष्णता अडवायला सुरेख. पण हे तुम्ही स्वच्छ बाटल्यांच्या काचेचंच करा, राख नको. फुगलेल्या काचेचा पृष्ठभाग अफाट असतो, धातू सुटायला तितकी जास्त वाट.

जपानचं उदाहरण सगळे देतात, तर तेही पुरतं ऐका. तिथे पुरायला जागा नाही, डायॉक्सिनवरून १९९९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, आणि त्या सुमारास कित्येक शहरांनी इन्सिनरेटरला जोडून राख वितळवायच्या भट्ट्या बसवल्या. त्यातून निघालेल्या स्लॅगसाठी २००६ मध्ये दोन प्रमाणकं निघाली, जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) ए ५०३१ काँक्रीटच्या खडीसाठी आणि ए ५०३२ रस्त्यासाठी. नीट पाहा, त्यांनी एवढं करून काच कशात घातली? खडीत आणि रस्त्यात. फरश्या हा प्रदर्शनातला माल. आणि पुढे वीज-तेलाचा खर्च परवडेना म्हणून त्यातल्या बऱ्याच भट्ट्या बंदही केल्या. फ्रान्समध्ये मोर्सेन्क्सला प्लाझ्माच्या ज्योतीने ॲस्बेस्टॉसचा कचरा वितळवून काळा दगड केला, तो प्रकल्प चालला कारण ॲस्बेस्टॉस नष्ट करायला लोकांनी घसघशीत पैसे मोजले. दोन्हीकडे गणित एकच. कमाई राख घेण्याच्या शुल्कातून होते, काच विकून नव्हे.

आपलं गणित मांडू. एक किलो राख थंडीतून रसापर्यंत न्यायला कागदावर अर्धा युनिट लागतो. लहान भट्टीत दुप्पट-तिप्पट जातो. म्हणजे टनाला हजार ते दीड हजार युनिट, नऊ रुपयांनी नऊ ते साडेतेरा हजार, फक्त वीज. त्यात धुणं, मूस किंवा भट्टीचं अस्तर, धूर गाळायची यंत्रणा, चाचण्या. समोर खडीचा टन शेकड्यांत मिळतो, फार तर हजारात. तेव्हा टनाला निदान पंचवीस-तीस हजार कोणी तुम्हाला देत असेल तर बोलू. तुम्हाला टेम्पोचं भाडं मिळतंय.

धूर गाळायची यंत्रणा हा शब्द पटकन वाचून पुढे गेला असाल. मघाशी पळालेली शिशाची वाफ धुराड्यात थंड होऊन पुन्हा बारीक राखच होते, पहिल्यापेक्षा जास्त विखारी. तिला बॅग फिल्टर हवा. शिवाय धूर ४५० ते २५० अंशांच्या मधून रेंगाळत उतरला तर क्लोरीन, काजळी आणि तांब्याच्या संगतीने डायॉक्सिन पुन्हा जन्म घेतं, म्हणून त्याला एका झटक्यात थंड करावं लागतं. म्हणजे इन्सिनरेटरवाल्याकडे जे असायला हवं ते सगळं तुम्हाला परत उभं करायचं. म्हणून राख वितळवायची भट्टी शोभते ती इन्सिनरेटरच्या कुंपणातच, जिथे धुराची सोय आधीपासून आहे आणि वाया जाणारी उष्णताही.

एक बारकावा क्रोमियमचा, कारण चाचणीत अनेक जण इथे पडतात. चुनाळ राख भरपूर हवेत भाजली तर निरुपद्रवी, तीन संयुजेचं क्रोमियम सहा संयुजेचं होतं, पिवळं, विरघळणारं, कर्करोगाला कारण. रसात थोडा कोळसा घालून हवा कमी ठेवली की ते टळतं. पण कोळसा जास्त झाला तर लोखंडाचा गोळा तळाशी बसतो आणि जस्त-शिसं धातू होऊन उडतात. हा तोल सांभाळणारा भट्टीवाला मिळणं कर्ज मिळण्यापेक्षा कठीण.

चाचणी म्हणजे टीसीएलपी, मालातून विष किती झिरपतं ते पाहणारी. माल साडेनऊ मिलिमीटरच्या आत फोडायचा, वीसपट ॲसिटिक आम्लाच्या द्रावणात अठरा तास फिरवायचा, आणि द्रावणात उतरलेलं मोजायचं. शिसं लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आत, कॅडमियम १ च्या आत. नीट झालेली काच इथे आरामात पास होते. पण एका ओतणीचा पास म्हणजे वर्षभराचा पास नव्हे. राख दर आठवड्याला बदलते हे वर सांगितलंच.

काच बाजूला ठेवून राख सरळ ब्लॉकमध्ये ढकलायची, हा विचार तुमच्या मनात नसेल तर उत्तम, असेल तर काढून टाका. बॉटम ॲशमधलं ॲल्युमिनियम सिमेंटच्या अल्कलीत हायड्रोजन सोडतं. मी पाहिलेल्या एका अंगणात असे ब्लॉक बसवले होते. पहिल्या पावसाळ्यानंतर प्रत्येकाच्या तोंडावर देवीच्या व्रणांसारखे खळगे पडले आणि कडेने पांढरं मीठ फुललं. घरमालकाने सगळे उखडून परत पाठवले. आणि सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये अशी राख गेली तर त्या मिठाने सळई कुजते ती वेगळीच.

कागदांचं. घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत अशी राख दुसऱ्या कामाला वापरायची तर नियम ९ आहे: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची त्या वापरासाठीची कार्यपद्धती, आणि तिच्या आधारे राज्य मंडळाची परवानगी. परवानगी असणाऱ्यालाच माल, आणि प्रत्येक फेरीसोबत फॉर्म १० ची वाहतूक-चिठ्ठी. तुमच्याकडे आलेल्या चाळीस पोत्यांची अशी चिठ्ठी आहे का? नसेल तर कायद्याच्या नजरेत तो तुमच्या शेडमधला तुमचा माल आहे. ठेकेदाराचा फोन तेव्हा लागणार नाही.

तेव्हा आत्ता काय करायचं. नवीन पोतं घेऊ नका. आलेली चाळीस जमिनीवरून उचला, लाकडी पॅलेटवर ठेवा, खाली-वर जाड प्लास्टिक, आणि शेडच्या अशा कोपऱ्यात जिथे पावसाची झड येत नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो आणि जांभ्याची जमीन चाळणीसारखी, वर सांडलेलं विहिरीत पोचायला वेळ लागत नाही. २२ जुलै २०२१ला जगबुडीचं पाणी तुमच्या भागात कुठवर चढलं होतं ती खूण भिंतीवर असेलच. पोती त्या खुणेच्या वर हवीत, आणि तितकी उंची शेडमध्ये नसेल तर मे संपायच्या आत ती तिथून गेलेली हवीत. ठेकेदाराला लेखी कळवा की जिथून आली तिथे चिठ्ठीसह परत न्या, प्रत राज्य मंडळाच्या तुमच्या भागाच्या कार्यालयाला द्या. घाबरू नका, स्वतःहून सांगणं लपवण्यापेक्षा बरं.

काळ्या चकचकीत मोझेकची हौस मात्र सोडू नका. बाटल्यांचा चुरा, तुसाची राख आणि चमचाभर जांभ्याचा चुरा यांचीच हिरवट काळी काच होते, शिसं नाही, कॅडमियम नाही, चिठ्ठी नाही. आधी मूसभर करून बघा, आणि पाटावर ओतल्यावर लगेच सहाशेच्या भट्टीत सरकवा, माझ्यासारखे बघत उभे राहू नका.

पोती परत जाण्याआधी त्यातल्या तीन-चार वेगवेगळ्या पोत्यांमधली मिळून दोन किलो राख, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत, वर तारीख आणि टेम्पोचा नंबर लिहून ठेवा. स्टीलचा डबा नको, गणपतीपर्यंत टिकणार नाही.